पहिल्या रांगेतलं ऊन

कागदात जी वेळ लिहिली असेल त्याच वेळी जागेवर जायचं, हा टाचणीबाईंचा एकतीस वर्षांचा नेम होता. नकाशा म्हणत असेल की सकाळी आठला अंगणात सावली असते, तर बाई आठला पाच कमी असताना अंगणात हजर. अर्ज म्हणत असेल की शाळा सुटायच्या वेळी रस्ता मुलांसाठी मोकळा असतो, तर बाई शाळेच्या फाटकाशी घड्याळ धरून उभ्या. कार्यालयातले बाकीचे लोक आपापल्या सोयीने जात, म्हणजे चहानंतर आणि जेवणाआधी. बाई त्यांच्यावर डाफरत नसत. त्यांच्या अहवालाच्या समासात बारीक अक्षरात एखादा प्रश्न लिहून ठेवत, आणि तो असा टोचायचा की माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा जागेवर जायचा. त्यावरून नाव पडलं टाचणी. नाव पाडणारा गृहस्थ पुढे त्याच कार्यालयाचा अध्यक्ष झाला, पण तोवर नाव सगळीकडे झालं होतं.

आता हे काम काय असतं ते सांगायला हवं. शहरात नवी वसाहत उभी करायची तर आधी या कार्यालयातून गुण मिळवावे लागत. ऊन, सावली, वारा, पाणी, कचरा, झाडं, विटा किती लांबून आणल्या, दवाखाना चालत किती मिनिटांवर, असे सगळे मिळून शंभर गुण. सत्तरच्या पुढे गेलं तर पहिला दर्जा, आणि पहिला दर्जा नसेल तर बांधकामाला परवानगी नाही. वसाहत पुढची पन्नास वर्षं माणसांना आणि मातीला जड होणार नाही ना, हे आधीच बघून घ्यायचं, एवढाच त्यातला अर्थ. मूल्यमापन दोनदा व्हायचं. एकदा नुसत्या आराखड्यावरून, आणि एकदा पहिली इमारत उभी राहिल्यावर. दोन्ही वेळा खाली मूल्यमापकाची सही.

चूक निघाली की सही रद्द होई, आणि रद्द झालेल्या सह्यांची यादी कार्यालयाच्या दारातच, सूचनाफलकावर लागे. एकतीस वर्षांत त्या यादीत टाचणीबाईंचं नाव एकदाही आलं नव्हतं. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. नम्र म्हणून त्यांची ख्याती नव्हती, उगाच खोटं कशाला सांगा.

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते आणि हातात शेवटची फाईल होती. नदीकाठची वसाहत, चार रांगा, एका रांगेत बेचाळीस घरं. आराखड्याला दोन वर्षांपूर्वी बाईंनीच चौऱ्याहत्तर गुण दिले होते. पहिली रांग बांधून, रंगवून तयार होती. पुढच्या महिन्यात लोक राहायला येणार होते. उरलेल्या तीन रांगांच्या जागी चुन्याची फक्की टाकून रेघा आखल्या होत्या आणि सोमवारी पाया खणायला सुरुवात व्हायची होती. त्याआधी गुरुवारी बाई पाहणीला गेल्या. कागद म्हणत होता, "उन्हाळ्यात दुपारी चार वाजता झोपण्याच्या खोल्या पूर्ण सावलीत." दिवस उन्हाळ्याचेच होते. बाई चारला दहा कमी असताना पोचल्या.

वसाहतीची वास्तुविशारद तिथे आधीच येऊन थांबली होती. तिशीची मुलगी, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणत. तिचं हे पहिलंच मोठं काम. टाचणीबाई येणार म्हणून सकाळी सकाळीच तिनं सगळी घरं धास्तीनं एकदा पाहून घेतली होती, हे तिनं नंतर सांगितलं. पण बाईंनी पावसाचं पाणी साठवायच्या टाकीत डोकावून "छान" म्हटलं, जिन्यातल्या उजेडाला "छान" म्हटलं, जुन्या पाडलेल्या गोदामाच्या विटा पुन्हा वापरल्या होत्या त्यांच्यावरून हात फिरवला, आणि मुलीच्या जिवात जीव आला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात दोघी शिरल्या. पेन्सिलनं झोपण्याच्या खोलीचं दार उघडलं.

खोली उन्हानं भरली होती. खिडकीतून तिरपं आलेलं ऊन फरशी ओलांडून, जिथे पलंग यायचा त्या भिंतीवर गुडघाभर चढलं होतं. खोलीत कोंडलेली हवा गरम होती आणि रंगाचा वास मारत होती.

बाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं. मग कागद पाहिला. मग भिंतीला तळहात लावून पाहिला आणि काढून घेतला.

"अगं," त्या म्हणाल्या, "उत्तर कुठे आहे?"

"ही काय, इकडे," पेन्सिलनं विचारही न करता खिडकीकडे हात केला. हात तसाच हवेत राहिला. ज्या खिडकीकडे तिनं बोट दाखवलं होतं तिच्यातूनच दुपारचं ऊन आत येत होतं. हात हळूहळू खाली आला. "असं कसं होईल?" ती म्हणाली. "बाई, असं कसं होईल?"

दोघी फरशीवर मांडी घालून बसल्या आणि सगळे कागद पसरले. गोम सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नदी तिरपी वाहते, म्हणून जमीनही तिरपी. तिरप्या रांगा कागदावर काढायला गैरसोयीच्या, म्हणून पेन्सिलच्या कार्यालयातल्या लोकांनी अख्खा आराखडा फिरवून रांगा कागदाच्या कडांना समांतर, सरळ करून घेतल्या होत्या. असं सगळेच करतात, त्यात गैर काही नाही. मुखपृष्ठावरचा उत्तरेचा बाणही त्यांनी बरोबर फिरवला होता. पण उन्हाचा हिशोब करणाऱ्या संगणकाला ते कुणी सांगितलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरलं, आणि त्या पानावर आपला एक बाण सरळ वर तोंड करून छापून टाकला. प्रत्यक्षात वरची बाजू होती जवळजवळ पश्चिम. बांधलेल्या आणि बांधायच्या मिळून झोपण्याच्या एकशे अडुसष्ट खोल्या त्या बाणाच्या भरवशावर तिकडे तोंड करून बसल्या होत्या.

"माझं चुकलं," पेन्सिल म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "माझंच. मी ते पान शंभरदा पाहिलंय."

बाई फाईलमधलं दुसरं एक पान बघत होत्या. आराखडा तपासताना भरायची ती यादी होती, अक्षर त्यांचंच. सत्तावीस नंबरचा प्रश्न होता, "ऊन-सावलीच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण दाखवला आहे का?" आणि पुढे त्यांच्या हातची बरोबरची खूण, "होय." बाण होताच. तो खरा आहे का, असं यादी विचारत नव्हती, आणि बाईंनीही विचारलं नव्हतं. दोन्ही बाण एकाच फाईलमध्ये होते, सहा पानांच्या अंतरावर, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. खाली सही होती. जगाच्या समासात प्रश्न लिहीत हिंडणाऱ्या बाईंची.

त्यांना लाज वाटली. इतकी की कानशिलं गरम झाली, आणि ते खोलीतल्या उन्हामुळे आहे असं पेन्सिलला वाटावं म्हणून त्या उठून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो निवृत्त मुद्रितशोधक होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं खुणावत बसलेला माणूस, त्यामुळे चूक म्हटलं की दचकत नसे. त्यानं टेबलावर दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली आणि हसू दाबलं.

"हसा, हसा," बाई म्हणाल्या.

"बरं, आता काय काय करता येतं ते सांग."

बाईंनी सांगितलं. काहीच न बोलता गप्प राहता येतं. पाहणी सकाळी झाली असं लिहायचं, सकाळी त्या खोल्या सावलीतच असतात. मग सोमवारी पाया खणला जाईल, आणखी एकशे सव्वीस खोल्या तापतील, आणि सहा आठवड्यांनी बाईंना फुलं देऊन निरोप मिळेल. नाहीतर चूक नोंदवायची. चूक नोंदवायच्या अर्जात "त्रुटी कोणाची" असा एक रकाना असतो आणि त्यात एकच नाव मावतं. तिथे मुलीचं नाव घातलं तर तिला दोन वर्षं कुठलाच आराखडा देता येणार नाही. बाईंचं घातलं तर सही रद्द, आणि नाव दारातल्या फलकावर.

"पहिला मार्ग तू मला नुसता मोजून दाखवलास," नवरा म्हणाला. "त्यावर जाणारी तू नाहीस."

"एक मिनिट गेले होते," बाई म्हणाल्या. "बसमध्ये. खोटं कशाला बोलू?"

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे पुस्तक छापून गेल्यावर चूक सापडली की मागे शुद्धिपत्र चिकटवायचे. ते कोणी वाचत नसे. पण चिकटवताना माझं डोकं शांत व्हायचं."

"माझं नाव फलकावर लागेल हो," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांनी. येणाजाणारा वाचेल."

"लागेल," तो म्हणाला. "मीही येऊन वाचेन." यावर मात्र बाईंना हसू आलं.

शुक्रवारी सकाळी बाई अध्यक्षांच्या खोलीत गेल्या तर तिथे पेन्सिल आधीच खुर्चीच्या टोकावर बसलेली. डोळे लाल, केसात पेन्सिल तिरकी. तिनं रात्रीतून स्वतःच्या नावाचा अर्ज भरून आणला होता.

"तो अर्ज तिला परत द्या," बाई अध्यक्षांना म्हणाल्या. "हा माझा घ्या."

"बाई, चूक माझ्या कार्यालयात झाली," पेन्सिल उठून उभी राहिली.

"आणि पास माझ्या टेबलावर झाली. तू बस खाली."

"मी नाही बसणार. नकाशा मी काढलाय!"

"नकाशे काढणारे चुकणारच, म्हणून तर तपासायला माणूस ठेवलंय. ते माणूस मी. तुला एवढी हौस असेल तर पुढच्या वेळी माझ्या जागेवर ये आणि मग चूक कर!"

अध्यक्ष एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. "या खोलीत लोक हात वर करायला येतात," ते म्हणाले. "चूक माझी म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी दोन्ही अर्ज समोर धरले. टाचणीबाईंचं नाव त्या रकान्यात लिहिलेलं पाहून त्यांचा चेहरा जरा विचित्र झाला. इतक्या वर्षांची त्यांची एक जुनी इच्छा पुरी होत होती, आणि आता ती नकोशी वाटत होती. "बाई, सहा आठवडे राहिलेत तुमचे. दोन महिने हे ड्रॉवरमध्ये ठेवलं तर कोणाचं काय बिघडतं?"

"सोमवारी पाया खणतायत," बाई म्हणाल्या. "शिक्का मारा."

अध्यक्षांनी शिक्का मारला. दुपारी नाव फलकावर लागलं. बाई जेवायला जाताना मुद्दाम त्याच्यासमोर थांबल्या आणि पूर्ण वाचून पुढे गेल्या. कार्यालयात दिवसभर कोणी मोठ्यानं बोललं नाही.

पेन्सिल मात्र कामाला लागली होती. तिनं तीन रांगांची घरं आतून उलगडून पुन्हा रचली. जिना, न्हाणीघर, सामानाची खोली पश्चिमेला, म्हणजे ऊन त्यांनी अंगावर घ्यावं. झोपायच्या खोल्या पलीकडच्या बाजूला. फक्की झाडून नव्यानं मारली. तीन आठवडे उशीर झाला, पण नवा आराखडा शहात्तरवर गेला. मूल्यमापन दुसऱ्यानं केलं. बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही, फक्त दोन्ही बाण तपासले का, असं एकदाच विचारलं.

राहिली पहिली रांग. भिंती काही फिरवता येत नाहीत. खिडक्यांना बाहेरून लाकडी पट्ट्यांच्या झडपा लावायच्या ठरल्या, समोर झाडं लावायची ठरली, पण झाडं वाढायला आठ-दहा वर्षं तरी जातात. रांगेला दुसरा दर्जा मिळाला, आणि दारावर तशी पाटी लागली. बाईंनी अध्यक्षांकडून एकच गोष्ट मागून घेतली. घर मिळालेल्या बेचाळीस कुटुंबांना त्या स्वतः सांगणार. ज्याला नको असेल त्याला पुढच्या रांगांमध्ये घर बदलून मिळेल, वर्षभर थांबावं लागेल, अशी सोय करून घेतली.

नंतरच्या एका शनिवारी सकाळी पहिल्या रांगेच्या तळमजल्यावरच्या सभागृहात लोक जमले. बाईंनी बदलीचे बेचाळीस कोरे अर्ज बरोबर आणले होते, एकही कमी नाही. उभ्या राहून त्यांनी सांगितलं. नकाशा कसा फिरला, बाण कसा चुकला, तपासणारी कोण होती. "उन्हाळ्यात दुपारनंतर तुमच्या झोपायच्या खोल्या तापतील. झडपांनी कमी होईल, पण पूर्ण नाही. चूक माझी आहे." आणि त्या खाली बसल्या. आता आपल्या नावानं खडे फुटतील म्हणून त्यांनी पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

एका तरुण जोडप्यानं आधी अर्ज मागितला. बायकोच्या खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ झोपलं होतं. "याला उकाडा सोसत नाही," ती म्हणाली, रागानं नव्हे, पण हसूनही नव्हे. बाईंनी तिचा अर्ज स्वतः भरून दिला. तिचा नवरा सहीसाठी पेन शोधत असताना बाईंना बाळाकडे बघवेना. मग आणखी चार अर्ज गेले. पुढे कोणी उठेना.

"मला चालेल ते ऊन," मागून एक म्हातारे पुस्तकबांधणीवाले म्हणाले. "मी त्या खोलीत पलंग टाकणारच नव्हतो. खळ लावलेली पुस्तकं वाळायला ठेवेन. मी झोपतो बाहेर, रेडिओजवळ."

"आमच्याकडे ती खोली सासूबाईंना," कोणी म्हणालं. "त्यांना भर उन्हाळ्यात गोधडी लागते." लोक हसले. तिथून एकेक जण सांगतच सुटला. कोणी तीन भाऊ हॉलमध्ये एका ओळीत झोपणार होते. कोणाच्या आजोबांना न्हाणीघराजवळच जागा हवी होती. दोन बहिणींचं कोण कुठे झोपणार यावरून तिथेच जुंपली. बाई आधी उत्तरं द्यायला म्हणून वही उघडून बसल्या होत्या, आता लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की नकाशातल्या "झोपण्याची खोली" या शब्दांवर विश्वास ठेवणारं त्या सभागृहात जवळजवळ कोणीच नव्हतं.

शेवटी बस चालवणारी एक बाई उठली. गणवेशातच होती, पाळीवर जायचं होतं तिला. "मी पहाटे निघते, दुपारी येऊन दोन तास पडते. स्वयंपाकघरात. वीस वर्षं तिथेच पडते, गार असतं. माझं काही अडत नाही." ती दाराकडे निघाली आणि थांबली. "एक सांगू का, बाई? तुम्ही आमच्यासाठी वारा मोजलात, पाणी मोजलंत, विटा कुठून आल्या तेसुद्धा बघितलंत. चांगलंच केलंत. पण आम्ही झोपतो कुठे, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा सांगितलं."

तिनं हे अगदी सहज, चांगल्या मनानं म्हटलं आणि ती बस गाठायला गेली. सदतीस कोरे अर्ज पिशवीत घालून बाई घराकडे निघाल्या. त्यांना हलकं वाटत होतं, आणि काहीतरी आत रुतूनही बसलं होतं. शंभर गुणांची यादी त्यांना तोंडपाठ होती. रस्ताभर त्यांनी ती मनात दोनदा वाचली. तो प्रश्न तिच्यात कुठेच नव्हता. सोमवारी त्या तो यादीच्या समासात लिहिणार होत्या, ते ठरलंच. समास त्यांच्या हक्काचा होता. पण सोमवार दोन दिवस लांब होता.

नवरा स्वयंपाकघरात चहा गाळत होता. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"अहो, आपल्या घरात तुम्हाला बसायला कुठे आवडतं?"

"पाहणी आहे का?"

"नाही. विचारतेय."

हे घर सव्वीस वर्षांपूर्वी बाईंनी स्वतः आखलं होतं. त्यात नवऱ्याला मुद्रितं वाचायला म्हणून एक कोपरा केला होता. उत्तरेची खिडकी, डोळ्यांवर न येणारा एकसारखा उजेड, कोपराशी फळी, फळीवर शाईच्या बाटलीपुरती खोबण. पाहुणे आले की बाई आधी तो कोपरा दाखवत.

"मागच्या दाराची पायरी," नवरा म्हणाला.

"पायरी? आणि तुमचा कोपरा?"

"तिथे माझे पाय गार पडतात गं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सव्वीस वर्षं!" बाई ओरडल्याच. "मग बोलला नाहीत ते!"

"तू किती हौसेनं केला होतास. आणि विचारलं नाहीस कधी." त्यानं कप त्यांच्या हातात दिला. "पायरीवरून गल्लीचं टोक दिसतं. तू वळलीस की मी आत येऊन चहा टाकतो."

बाई घरात पाऊल टाकत तेव्हा चहा रोज उकळत असे. ते बस वेळेवर येत असल्यामुळे होतं, असं त्या इतकी वर्षं समजत आल्या होत्या. त्यांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत. मग त्या कप घेऊन मागच्या दाराशी गेल्या आणि दार उघडलं. पायरी दोन माणसांना अरुंद होती. तरी त्या एका कडेला सरकून बसल्या आणि शेजारी हात थोपटून म्हणाल्या, "या."